फाटका आवाज

माझ्या मुलाने इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा घरी आणली तेव्हा अब्बांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "याला भोपळा कुठंय?"

मिरजेच्या माणसाने असं विचारणं साहजिकच. आमच्या गावात सतारमेकरांची आख्खी गल्ली आहे. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे करायला घेतले, ते काम आजही चालू आहे. तारेचा आवाज मोठा करायचा तर चांगला वाळलेला भोपळा लागतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. गिटार म्हणजे मात्र नुसती सपाट फळी. मुलाने नानांना जरा मोठ्याने, हातवारे करत समजावलं, की तारांखाली चुंबकावर कॉइल गुंडाळलीय, तार हलली की कॉइलमध्ये थोडीशी वीज तयार होते आणि ती वायरीतून ॲम्प्लिफायरला जाते. अब्बांनी कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरकडे बोट केलं. "म्हणजे भोपळा तो. निराळा ठेवलाय."

अब्बांना एवढं पुरेसं होतं, कारण बेचाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. १९६२ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा व्हॉल्व्हचे रेडिओ होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. मशिदीचा ॲम्प्लिफायर आणि गणपती मंडळाचा ॲम्प्लिफायर एकाच बाकावर शेजारी शेजारी पडलेले असत. दोघांचा बिघाडही बहुधा एकच, माइकच्या वायरीत. २००४ साली दुकान बंद झालं. फेकून नवं घेणं स्वस्त पडू लागल्यावर दुरुस्तीला कोण येणार?

त्या बाकावर अब्बांनी भाईजानला बसवलं. मला नाही. मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत बॅटरीचा उजेड धरायला, स्क्रू बशीत सांभाळायला दुकानात चालत होते. नंतर रस्त्यावरच्या दुकानात मुलीने बसणं बरं दिसत नाही, असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला कळलं नाही. एक दिवस डबा पोचवायला माझ्याऐवजी शेजारचा पोरगा गेला, एवढंच. भाईजान हुनर शिकला आणि कुवेतला गेला. मी शिकत राहिले, एम. एस्सी. झाले, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर मी फळ्यावर किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही. सोल्डरिंग आयर्न मात्र कधी हातात धरलं नव्हतं, हे माझ्या विद्यार्थ्यांना अजून माहीत नाही.

मुलगा मुंबईला कॉमर्स शिकतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो एक पुडकं घेऊन आला. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सुटे भाग आणि एक छापलेला कागद. "अम्मी, तू फिजिक्स शिकवतेस ना? मला एवढं करून दे." त्याला बूस्टर पेडल हवा होता. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ठेवायची छोटी पेटी. पायाने स्विच दाबला की गिटारचा क्षीण सिग्नल वीसेक पट मोठा होऊन पुढे जातो. तयार पेडलला काही हजार पडतात, हे सगळे भाग मिळून त्याच्या एका छोट्या हिश्शात आले होते.

कागदावरचं सर्किट जुनं आणि नावाजलेलं. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने १९६८ साली आपल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीतर्फे 'एलपीबी-१' नावाचा बूस्टर विकायला काढला, त्याचंच हे चित्र. आत काय आहे पाहिलं आणि मला हसू आलं. एक ट्रान्झिस्टर, चार रजिस्टन्स, दोन कंडेन्सर, एक व्हॉल्यूम आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बारावीच्या पुस्तकातलाच कॉमन एमिटर ॲम्प्लिफायर.

अब्बांनी विचारलं, "पण आवाज मोठा करायला ॲम्प्लिफायरला बटण आहे की."

"नाना, नुसता मोठा नको. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आत ढकलायचं. मग लाटेचे शेंडे कापले जातात आणि आवाज मस्त फाटतो."

अब्बांचे कान दहा वर्षांपूर्वीच गेले. कानातलं यंत्र ते ड्रॉवरमध्ये ठेवतात, कारण ते शिट्टी मारतं. आयुष्यभर लोकांच्या शिट्ट्या बंद केल्या, आता कानात कोण बाळगणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी कागदावर लिहून दाखवलं : *आवाज फाटायला हवा आहे.*

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं लोक फाटलेला आवाज नीट करायला आणायचे. हे पहिलं गिऱ्हाईक, नीट आवाज फाडून मागणारं."

कामाला बसले. पेटी म्हणून भिंतीत स्विचबोर्डसाठी बसवतात ती पत्र्याची पेटी घेतली, वर पत्र्याचं झाकण. भोकं शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने पाडून दिली. काही बदल करावे लागले. कागदावर ४३० के आणि ४३ के असे रजिस्टन्स होते. मुलाला दुकानात ४७० के आणि ४७ के मिळाले. चालतात, कारण बॅटरीचे व्होल्ट ते कुठल्या प्रमाणात वाटतात एवढंच महत्त्वाचं आणि प्रमाण तेच राहतं. कागदावरचा ट्रान्झिस्टर टू एन ५०८८, तो नव्हता म्हणून त्याने बीसी ५४७ आणला. हाही चालतो, आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतो. 'चालतो' म्हणताना मी काय विसरले, ते पुढे कळलं.

या जुळणीतली एक युक्ती मला फार आवडली. गिटारची पिन जिथे घालायची ते सॉकेट स्टिरिओचं घ्यायचं आणि बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडायची. पिन आत गेली की तिचाच धातू ती पत्ती अर्थला जोडतो आणि पेडल चालू. पिन काढली की बॅटरी बंद. निराळं बटणच नको. पिन रात्रभर आत राहिली तर मात्र बॅटरी हळूहळू संपते.

पहिल्या दिवशी काहीच आवाज आला नाही. बाहेर जाणाऱ्या कंडेन्सरचा सांधा ड्राय सोल्डर निघाला. वरून गोळा चकचकीत दिसण्याऐवजी राखेसारखा मळका होता आणि पाय आत हलत होता. तो पुन्हा तापवला. मग घूं असा आवाज सुरू झाला. पेटीला आतून-बाहेरून रंग होता, सॉकेटचे नट रंगावरच बसले होते आणि पत्र्याला अर्थच मिळत नव्हता. रंग खरवडला, घूं थांबलं. इथपर्यंत मी खुशीत होते.

पण बूस्टर काही बूस्ट करीना. मुलाने स्विच दाबला की आवाज वाढण्याऐवजी दबायचा, रजईखाली बोलल्यासारखा. मी सगळे सांधे पुन्हा केले. रजिस्टन्सचे रंग पुन्हा वाचले. ट्रान्झिस्टर गेला असेल म्हणून दुसरा लावला. तेच.

तिसऱ्या रात्री अब्बा खुर्ची ओढून टेबलाशी येऊन बसले. त्यांनी डावा तळवा ॲम्प्लिफायरच्या जाळीवर ठेवला. दुकानात बाजाराच्या दिवशी गोंगाटात ते असंच करायचे, ऐकू आलं नाही तरी स्पीकर हातात कळतो. "शेवटून सुरू कर आणि मागे ये," ते म्हणाले. "स्क्रू ड्रायव्हरचं लोखंड बोटाने धर आणि एकेका ठिकाणी टेकव." नऊ व्होल्टचं काम, बोट लावायला भीती नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत असं बोट लावणारा माणूस पुन्हा बोट लावायला राहिला नसता.

मी बाहेरच्या सॉकेटला टेकवलं. "आहे, बारीक," ते म्हणाले. मग ट्रान्झिस्टरच्या बेसला टेकवलं. अंगातली भुणभुण इथून वीस पट होऊन निघायला हवी, जाळी थरथरायला हवी. अब्बांनी तळवा आणखी दाबला. "नाही. इथेच मेलंय."

मीटर लावलं. कलेक्टरवर पाच व्होल्टच्या आसपास हवे होते. होते आठच्या वर, म्हणजे जवळजवळ बॅटरीइतकेच. ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच नीट वाहत नव्हता. का वाहत नाही, याची चार कारणं मी वर्गात घडाघडा सांगितली असती. ती सगळी तपासून झाली होती.

अब्बा म्हणाले, "तक्ता बघितलास?"

"कुठला तक्ता?"

"तू काढलेला."

मला आठवायला वेळ लागला. मी सातवीत असताना, दुकानात जाणं बंद झाल्यावर, माझी चित्रकला चांगली म्हणून अब्बांनी एका रेडिओच्या खोक्याचा पुठ्ठा घरी आणला होता. एसी १२८, बीसी १४८, बीएफ १९४, बीसी ५४७ असे ट्रान्झिस्टर पुढे ठेवले आणि प्रत्येकाचे पाय काढायला सांगितले. ते भाईजानसाठी होतं. मी मन लावून काढलं, रंगीत पेन्सिली वापरल्या. नंतर तो पुठ्ठा कुठे गेला, मी कधी विचारलं नाही.

"बाकावर, डोळ्यांसमोर होता," अब्बा म्हणाले. "भाईजान गेल्यावरही. मला कुठे पाठ असायचे एवढे पाय? दुकान बंद होईपर्यंत त्यातच बघायचो."

मी गप्प बसले. मग म्हटलं, "तो आहे का?"

"भंगारात गेला. काउंटरसकट."

डोळे मिटून पाहिलं तर पुठ्ठा दिसेना, पण पेन्सिलींचे रंग दिसले. कलेक्टर लाल, बेस निळा, एमिटर हिरवा. बीसी ५४७ची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली. लाल डावीकडे. मी कागद उचलला. त्यावरच्या टू एन ५०८८चा डावा पाय एमिटरचा होता. मधला बेस दोन्हीकडे सारखा, बाजूचे दोन बरोबर उलटे. मी कागदाप्रमाणे बसवत गेले आणि दोन्ही वेळा ट्रान्झिस्टर उलटाच बसला. गंमत म्हणजे तो उलटा बसूनही थोडंफार काम करतो, म्हणून मला आवाज येत राहिला आणि मी भलतीकडे शोधत राहिले. अजिबात चालला नसता तर कदाचित लवकर सापडला असता. फळ्यावरच्या ट्रान्झिस्टरला बाण असतो. हातातल्याला नुसते तीन पाय असतात आणि कुठला कुठे हे प्रत्येक नंबरचं निराळं.

ट्रान्झिस्टर काढला, फिरवला, पुन्हा सोल्डर केला. मीटरने चार पूर्णांक आठ दाखवले. मुलगा झोपला होता, त्याला उठवलं. त्याने डोळे चोळत गिटार गळ्यात अडकवली, एक तार छेडली, मग पायाने स्विच दाबला.

खिडकीच्या काचा वाजल्या. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, समोरच्या घरात दिवा लागला. मी धावत जाऊन व्हॉल्यूम कमी केला. अब्बांचा तळवा अजून जाळीवर होता आणि चेहऱ्यावर दुरुस्त झालेला रेडिओ परत करतानाचा भाव.

"फाटला," ते म्हणाले. "साफ फाटला."

मग त्यांनी आयर्नचा प्लग काढायला सांगितला, तुटलेले पाय आणि वायरीचे तुकडे स्वतः गोळा करून बशीत टाकले आणि उठता उठता मला विचारलं, "मजुरी किती सांगितलीस गिऱ्हाईकाला?"