पाचशे चौरस फूट

ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. नव्या इमारतीतले घर ५०० चौरस फुटांचे. २०१७ साली भूमिपूजन झाले, तेव्हापासून आम्ही दोघे ही वजाबाकी करीत आलो आहोत.

आता भाड्याच्या घरातून कॉलेजला जाताना वाट वाकडी करून पत्र्यांच्या कुंपणापाशी थांबतो, स्लॅब मोजतो. बाहेरचे घर असे मोजता येते. आतले अडले आहे ते दारापाशी.

१९२०च्या दशकातल्या त्या चाळीत मजल्यावर वीस खोल्या, मधोमध अंधारा बोळ, टोकाला सामाईक संडास. (त्यांची रांग आठवून हळवे होणाऱ्यांनी ती रांग लावलेली नसावी.) पण बोळाकडचे दार दिवसभर सताड उघडे असे. 'अधांतर' शिकवताना, ही खोली नेपथ्य नव्हे, पात्र आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. मग त्या पात्राचा अर्धा जीव बोळात होता, हेही सांगायला हवे.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. पुढे तिथल्या एका स्नेह्यांकडे आईंना घेऊन गेलो. घर हवेशीर, न्हाणीघर आतच. आईंनी नळ सोडून पाहिला, समाधानाने हसल्या. लिफ्टपाशी परतताना मात्र मजल्यावरची बंद दारे पाहत म्हणाल्या, ''मी पडले तर कळेल कोणाला?''

त्यांना बाहेरचे दार जाळीचे हवे आहे. आमच्यातल्या एकाला ते पटते, दुसऱ्याला पुस्तकांसाठी शांतता हवी आहे. सुताराला माप अजून दिलेले नाही.