तुमच्यापाशीच राहू द्या

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीचे अब्बा प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन शाळेत आले. मुलीच्या मानसिक आजाराचे कागद होते, दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही येतो, हे आम्हीच त्यांना सांगितलेलं. जाताना म्हणाले, “सर, ही गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या.”

आम्ही राहू दिली नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना बोलून गेलो. मुलीला कुणी रागावू नये, एवढाच हेतू. महिनाभरात श्रीरामपूरच्या एका वलीम्यात आमच्या पत्नीला कुणीतरी विचारलं, “त्या घरात वेडसर मुलगी आहे म्हणे?” मोठ्या बहिणीची ठरत आलेली निस्बत तिथंच थांबली.

मग आम्ही कायदा उघडला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं आणि ती पाळण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घालतं. त्यात शिक्षक नाही. क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. त्याच वर्षीचा एचआयव्ही कायदा जास्त कडक आहे. कुणी विश्वासानं सांगितलेली अशी माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, मग ऐकणारा डॉक्टर असो वा नसो. आपल्या नगरात ‘स्नेहालय’ १९८९पासून देहविक्रीत अडकलेल्या स्त्रिया, त्यांची मुलं आणि एचआयव्हीबाधितांसाठी काम करतं. अशा ठिकाणी एक नाव बाहेर गेलं तर पुन्हा कोण दाराशी येईल?

पण प्रत्येक गोष्ट पोटात ठेवायची नसते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाला देताच येत नाही. आपल्या मोहल्ल्यांत मात्र नेमकं उलटं चालतं. आजाराची चर्चा दस्तरखानावर आणि अत्याचार खानदानच्या इज्जतीखाली झाकलेला.

ते अब्बा आमच्याशी भांडले नाहीत. एकदा येऊन कागदांच्या झेरॉक्स तेवढ्या परत मागून नेल्या.

यंदा मुलगी दहावीत आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मागायची आहे. परवा ते पुन्हा तीच पिशवी घेऊन आले. व्हरांड्यात आम्हाला सलाम केला, थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि दार आतून लोटून घेतलं.