कुर्डुवाडीला गाडी बदलताना

मुंबईहून आजोळी जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे आणि माझी मे महिन्याची सुट्टी खरी तिथून सुरू होई. आजोळ तेरचं, गोरोबाकाकांचं गाव. तेरला जायचं तर ढोकी स्टेशनात उतरायचं आणि ढोकीला जायचं तर कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी छोटी गाडी धरायची. लोक तिला बार्शी लाइट म्हणत. १९५४ साली सरकारने ती कंपनीकडून ताब्यात घेतली होती, पण सत्तरच्या दशकातही आमच्या आजोबांच्या लेखी ती कंपनीचीच गाडी होती.

रात्रीच्या मोठ्या गाडीचं फारसं काही आठवत नाही. व्हीटीवरची रेटारेटी, पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या आणि वडिलांनी खिडकीतून एकेकाला आत सरकवणं. त्यांना रजा नसे, ते मागाहून येत. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडत, तेवढा धक्का झोपेतही कळायचा.

कुर्डुवाडीला उतरायचो तेव्हा जेमतेम उजाडलेलं असे. सामान उचलून छोट्या गाडीकडे जाताना वाटेत हमालांची रांग दिसे. छोट्या गाडीच्या वाघिणींतली डाळीची, शेंगांची पोती पाठीवरून मोठ्या गाडीच्या वाघिणींत चाललेली असत. एक रूळ मोठा, दुसरा छोटा, त्यामुळे लातूरच्या पेठेतला माल इथे माणसाच्या पाठीवर यायचाच. छोट्या गाडीच्या दोन रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइन सुरू केली. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं धोरण. म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. पुढे ही लाइन एका बाजूने पंढरपूरपर्यंत गेली, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. तेव्हा एवढंच कळायचं की या डब्यात समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात, आणि त्यामुळे न बोलता बसणं कुणालाच जमत नाही.

मला या प्रवासातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर आईचा पदर. मुंबईच्या दोन खोल्यांत माझी आजी, वडिलांची आई, घरात असे आणि आईच्या डोक्यावरचा पदर कधी खाली येत नसे. बोलणंही कामापुरतं. कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसलो, ट्रंक बाकाखाली ढकलली की ती पदर खांद्यावर घ्यायची, केसांवरून दोन्ही हात फिरवायची आणि खिडकीशी बसायची. खिडकी हा एरवी आमचा हक्क, पण त्या गाडीत ती आमच्यापैकी कुणीच मागितली नाही.

समोर बसलेली एखादी म्हातारी आईला निरखत असे. मग विचारायची, "कुण्या गावची गं लेकी?"

"तेरची. मास्तरांची थोरली."

"आगं बया, मास्तरांची व्हय! मंग आपलीच की."

तिथून पुढे आई बोलत सुटायची. कुणाचं लग्न कुठे जमलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची म्हैस व्याली. मुंबईत तिच्या तोंडून कधी न ऐकलेली बोली सहज बाहेर पडायची, आणि ती मोठ्याने हसायची. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहायचो. दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यातून निघायची आणि पहिली दशमी त्या म्हातारीच्या हातावर पडायची. तीही आपल्या गाठोड्यातून भाजलेल्या शेंगा काढून आमच्या ओंजळीत ओतायची.

बार्शी गेली, पांगरी गेली की येडशीचा घाट लागे. इंजिन धापा टाकत चढू लागे आणि बाहेर डोकावणाऱ्याच्या डोळ्यांत हमखास कोळशाचा कण जाई. आई पदराचं टोक पिळून, त्यावर फुंकर मारून, आमच्या डोळ्याला लावायची. तिचं लक्ष मात्र बाहेर रामलिंगाच्या झाडीकडे आणि तिथल्या माकडांकडे असे. "आम्ही शाळेची सहल घेऊन आलो होतो इथं," असं ती दरवर्षी सांगायची आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकायचो. येडशीला इंजिन पाणी पिई. लोखंडी खांबाच्या सोंडेतून धो धो पाणी पडताना बघायला निम्मी गाडी फलाटावर उतरे. गाडी आपल्याला टाकून जाईल अशी भीती कुणालाच नसे.

ढोकीला मामा बैलगाडी घेऊन उभा असे. गाडी पूर्ण थांबण्याआधीच तो "अक्का!" म्हणून हाक मारायचा आणि आईचे डोळे भरून यायचे.

रूळ रुंद व्हायला हवे होते, यात शंका नाही. धान्याची पोती आयुष्यभर पाठीवर वाहणाऱ्या हमालांकडे पाहिलेल्या माणसाने तरी त्या जुन्या गाडीसाठी हळहळू नये. २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी मोठी लाइन झाली. ती उस्मानाबाद शहरावरून नेली, त्यामुळे पूर्वी रेल्वे नसलेल्या जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं. आता मुंबईहून रात्री बसलं की गाडी न बदलता सकाळी लातूर. माझ्या भाच्या तसाच प्रवास करतात आणि त्यांना तो आवडतो.

छोट्या गाडीच्या इंजिनांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. कुठल्या कारखान्यात बनली, किती चाकांची होती, सगळं सापडतं. त्या डब्यांतून माहेरी गेलेल्या बायकांबद्दल मात्र मला फार थोडं वाचायला मिळालं. तुमच्या घरात अशी आई, मावशी, आत्या असेल, तर तिला कुर्डुवाडीपासूनची स्टेशनं क्रमाने विचारा, आणि प्रत्येक स्टेशनावर ती जे सांगेल ते लिहून ठेवा. माझ्या आईला मी हे वेळेत विचारलं. तिने सांगितलेलं उतरवून घेतलेली वही माझ्याजवळ आहे.