पत्र आणा, मग रजिस्टर उघडतो

हिंगोलीत बसस्थानकापासून जवळ माझं नेट कॅफे होतं. स्मार्टफोन तेव्हा मोजक्यांच्या हातात होते. राज्य राखीव दलाच्या भरतीचे फॉर्म, डी.एड.चे प्रवेश, हॉलतिकीट, निकाल यासाठी सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची पोरं सकाळच्या एसटीने यायची. मोंढ्यात हळद घेऊन आलेले शेतकरी सांगलीचा भाव बघायला डोकावायचे. काहीजण मात्र कोपऱ्यातलं मशीन मागून घ्यायचे आणि जे घरात कुणाला विचारता येत नाही ते गुगलला विचारायचे. कुणाला न बोलता येणारा आजार, कुणाला नवऱ्यापासून सुटका, कुणाला सावकाराचं कर्ज. त्यांनी काय शोधलं हे मी बघत नव्हतो, पण ते माझ्याकडे साठत होतं.

कारण साठवणं मला सक्तीचं होतं. ११ एप्रिल २०११ रोजी केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. गिऱ्हाईकाचं ओळखपत्र, नाव-पत्ता, कोणतं मशीन, आल्या-गेल्याची वेळ हे रजिस्टरला लिहायचं. कॅबिनची पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. आणि कोणत्या संगणकावरून कोणत्या वेबसाइट उघडल्या याची नोंद किमान वर्षभर ठेवायची. गावातल्या शेकडो माणसांच्या मनातल्या गोष्टी अशा माझ्या टेबलाखालच्या हार्डडिस्कमध्ये येऊन पडल्या. ही जबाबदारी केवढी आहे हे मला एका दुपारी नीट कळलं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ठाण्याचे जमादार आले होते. सोबत दोन माणसं, साध्या कपड्यातली. त्यांच्या घरातली मुलगी, वय वर्षे बावीस, घर सोडून गेली होती. ती माझ्याकडे येऊन बसायची असं त्यांना कळलं होतं. जमादार म्हणाले, "मालक, ही पोरगी काय काय बघत होती ती सगळी हिस्ट्री काढून द्या. महिन्याभराचं रजिस्टरही द्या."

मी म्हणालो, "देतो साहेब. फक्त ठाण्याचं पत्र द्या."

"मी स्वतः आलोय की. पत्र कशाला पाहिजे?"

त्या दोघांपैकी एकजण तोवर काउंटरच्या आत येऊन रजिस्टर चाळू लागला होता. तो पोलीस नव्हता. मी रजिस्टर त्याच्या हातातून घेतलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका ओळखीच्या वकीलसाहेबांना फोन लावला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली एखादी वस्तू वा दस्तऐवज तपासाला हवा असेल, तर कोर्टाचं समन्स किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, तोंडी सांगणं चालत नाही. दुसरं, कॅफेच्या नियमांत तपासणीचा अधिकार आहे खरा, पण तो नियम पाळले जातात की नाही एवढं पाहण्यासाठी, आणि तोही नेमलेल्या अधिकाऱ्याला. एखादं माणूस काय वाचत होतं हे नातेवाइकांना दाखवण्यासाठी तो नाही.

जमादारांना मी हेच सांगितलं. ते चिडले. "सहकार्य करत नाही म्हणून लिहून ठेवतो," म्हणाले आणि गेले. मी रात्रभर धास्तावलो होतो, हे खरं. पण पत्र आलंच नाही. लेखी मागायचं म्हणजे कोणत्या नोंदीवरून, कशासाठी, हे कागदावर यावं लागतं आणि खाली अधिकाऱ्याची सही लागते. बावीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली असेल, तर त्या कागदावर काय लिहिणार?

याउलट पुढे एकदा नोकरीच्या नावाने झालेल्या फसवणुकीचा तपास आला. उपनिरीक्षकांनी जावक क्रमांक आणि गुन्हा क्रमांक असलेलं पत्र दिलं. त्यात एकच तारीख आणि त्या दिवसाच्या दुपारची वेळ नमूद होती. मी तेवढ्याच नोंदी काढल्या, पंचांसमोर दिल्या, पोच घेतली. मला भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्रही द्यावं लागलं. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते आमच्या भागातल्या जालन्याच्या निवडणूक वादातून अख्ख्या देशाला कळलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत हे प्रमाणपत्र लागतंच. कागद नीट असेल तर पोलिसांचंही काम पक्कं होतं, आरोपीवरही अन्याय होत नाही. त्या उपनिरीक्षकांबद्दल मला आजही आदर आहे.

माझ्याकडे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं ठाणेदाराच्या चिठ्ठीवर पाकीट मिळत नसतं. कोर्टाचा हुकूम लागतो." मी वकीलसाहेबांना विचारलं. मास्तरांचं बरोबर होतं. पोस्टाच्या ताब्यातलं पत्र हवं असेल तर जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचाच आदेश चालतो. पोलीस अधीक्षक फार तर आदेश येईपर्यंत ते अडवून ठेवायला सांगू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हाच भेद राहिला आहे. पत्रासाठी कलम ९५, बाकी सगळ्यासाठी कलम ९४. या ९४ मध्ये आता डिजिटल पुरावा असू शकेल अशी उपकरणंही स्पष्ट शब्दांत आली. म्हणजे 'आम्ही खुशाल आहोत' असं लिहिलेलं पाकीट हवं तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम हवा, आणि माणसाने रात्री दोन वाजता स्वतःच्या आजाराबद्दल काय शोधलं ते हवं असेल तर ठाण्याच्या अधिकाऱ्याची सही पुरे. हे मला पटत नाही.

फोन टॅप करायला गृहसचिवांची मंजुरी लागते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला चौकट घातली, आणि २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात ती चौकट मोडून काढलेले आदेश रद्द करून त्यातून मिळालेली संभाषणं नष्ट करायला सांगितली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि कारणाच्या मानानेच हात घालायला हवा. शोधाच्या नोंदींना ही कसोटी लावणारं वेगळं कलम मात्र अजून नाही.

माझं नेट कॅफे आता सेवा केंद्र झालं आहे. रजिस्टर माझ्याकडून गेलं आणि प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसलं. हल्ली लोक येऊन विचारतात, "मोबाइल जमा करायला सांगितलाय, पॅटर्नही मागतात, द्यायचा का?" कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. पासवर्ड त्यात बसतो की नाही यावर न्यायालयांचं एकमत नाही. म्हणून मी त्यांना आधी वकिलाकडे पाठवतो.

नोंद हातात आल्यावर तिचं काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर ३ ऑगस्ट २०२० रोजी मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी पत्रकारांना सांगितलं, की राजपूत यांनी गुगलवर स्वतःचं नाव आणि मानसिक आजारांची नावं शोधली होती. त्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर ते शब्द दिवसभर फिरत होते. तपासाला ती माहिती लागली असेल. आम्हाला, हिंगोलीत बसून बघणाऱ्यांना, ती कशाला लागत होती? गेलेल्या माणसाचं दुखणं असं चव्हाट्यावर यायला नको होतं.

अमेरिकेत याहून पुढची गोष्ट घडली. डेन्व्हरमध्ये २०२० साली एका घराला आग लावून पाचजणांचा जीव घेतला गेला. पोलिसांनी गुगलला विचारलं, आधीच्या पंधरा दिवसांत हा पत्ता कोणी कोणी शोधला? त्यावरून आरोपी सापडले. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तो पुरावा राहू दिला, पण शोधाच्या इतिहासात माणसाचं खासगीपण असतं हेही मान्य केलं. आणि तिथे पोलिसांच्या हाती न्यायाधीशाचं वॉरंट होतं. पाच जीव गेले होते, तरी वॉरंट घेतलं होतं.

तपास अडवा असं मी कुणालाच सांगत नाही. कुणी तुमची किंवा तुमच्या गिऱ्हाइकाची नोंद मागितली तर लेखी आदेश मागा, त्यात गुन्हा कोणता आणि माहिती किती काळाची ते वाचा, प्रत ठेवा, मोबाइल नेला तर जप्तीच्या यादीची प्रत घ्या. आणि खासदार मतं मागायला दारात येतील तेव्हा त्यांना विचारा, की पोस्टातल्या पाकिटाला जो दंडाधिकाऱ्याचा वा न्यायालयाचा हुकूम लागतो, तो आमच्या शोधाच्या नोंदीला लागेल असा कायदा तुम्ही कधी करणार?