पाचवं नाव

आमच्या घरात बजेटची एक वही आहे. दोनशे पानी, शाळेत मिळते तशीच. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. एक उर्दू माध्यमाच्या शाळेत, दुसरं मराठी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत. म्हणजे एक पगार वेळेवर येतो आणि दुसरा येईल तेव्हा खरा. म्हणून किराणा, दूध, फी, ईदचे कपडे, जकात, अम्मांची औषधं, सगळं त्या वहीत उतरतं.

त्याच वहीत एका रविवारी लेकीने नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, ‘बेट’. सोलापुरात वाढलेली मुलं. समुद्र पाहिला तो फक्त मोबाइलवर. त्यांच्या डोक्यात मालदीव होतं. निळं पाणी, पाण्यावर लाकडी खोल्या. आम्ही एका टूरवाल्याकडे चौकशी केली. चौघांचे २ लाख ६० हजार. आमचे चेहरे पाहून तो म्हणाला, “सर, आता भरूच नका. महिना साडेबारा हजार, चोवीस हप्ते.” घरी येऊन मुलाला गुणाकार करायला लावला. तीन लाख! सूद द्यायचा नाही हे तर आमचं आधीपासूनच ठरलेलं. पण मुलाला त्याहून वेगळीच गोष्ट खटकली. “म्हणजे चार दिवस फिरायचं आणि दोन वर्षं भरत बसायचं?” शिवाय पासपोर्ट कुणाचाच नव्हता, आणि विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटावर नेणाऱ्या बोटीचे पैसे निराळेच.

मग अंदमानचा विचार सुरू झाला. पासपोर्ट नको, आधार कार्ड पुरे. भाषेची अडचण नाही. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. शेजारच्या घरी केंद्र सरकारची नोकरी, ते रजा प्रवास सवलतीत जाऊन आले होते. आम्हाला ती सोय नव्हती. पण त्यांच्याकडून खर्चाचे खरे आकडे मिळाले, हेही काही कमी नव्हतं.

पहिला हिशेब असा झाला. रेल्वे १० हजार, विमान ५० हजार, सहा रात्रींची एक खोली १२ हजार, खासगी बोटी ११ हजार, गाडी १५ हजार, जेवण १५ हजार, मुलांचं स्कूबा आणि इतर तिकिटं १३ हजार. एकूण १ लाख २६ हजार. महिन्याला सहा हजारांची भिशी लावली, एकवीस महिने. भिशी उचलायची पाळी आमची शेवटची घेतली, म्हणजे मध्येच पैसे हातात येऊन खर्च व्हायला नकोत. दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं.

लेकीने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. अम्मा कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. “चार माणसांचे...” असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, “जाव बेटा, मैं घर देखती.” आणि भाजीचं ताट घेऊन उठल्या.

खरं सांगायचं तर अम्मांना आम्ही मुद्दाम वगळलं नव्हतं. आम्ही त्यांना धरलंच नव्हतं. गुडघे दुखतात, बोटीत चढणं जमणार नाही, त्यांना काय करायचाय समुद्र, असं सगळं आम्ही त्यांना न विचारताच मनात ठरवून टाकलं होतं. रात्री अम्मा आमच्या खोलीत आल्या. हातात पोस्टाचं पासबुक. उमऱ्यासाठी गेली कित्येक वर्षं त्या शिलाईचे पैसे त्यात टाकतात. म्हणाल्या, “मुलांना स्कूबा का काय ते करायचंय ना, कमी पडले तर यातले घ्या.” आम्ही पासबुक त्यांच्या हातात परत दिलं. त्या गेल्यावर बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पान पुन्हा मांडलं. अम्मांची रेल्वे २ हजार, विमान १२ हजार, दुसरी खोली ९ हजार, जेवण ३ हजार, बोट १ हजार. सत्तावीस हजारांची भर. एकूण १ लाख ५३ हजार. महिन्याला सहाप्रमाणे साडेचार महिने अधिक. म्हणजे दिवाळी हुकली. सहल मे महिन्यावर गेली. मुलं हिरमुसली, पण भांडली नाहीत. मुलाने स्वतःच स्कूबावर काट मारली. सात हजार वाचले. एका बाजूने सरकारी बोटीने जायचं ठरवलं, चार हजार वाचले. बेटावर गाडीऐवजी बस आणि रिक्षा, आणखी तीन. हे चौदा हजार खर्चायचे नाहीत, ‘अडचण’ या रकान्यात राहतील, असं ठरलं. आमच्या पहिल्या पानावर हा रकानाच नव्हता.

मे महिना निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवली. मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अंदमानला पोहोचतो. त्यानंतर सगळं स्वस्त मिळतं, पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात. म्हणून १ मेला शाळेत निकाल वाटले आणि त्याच रात्री गाडी पकडली. परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र बेटावर न ठेवता पोर्ट ब्लेअरलाच ठेवली. या शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे.

तिथला पहिला धडा घड्याळाचा. साडेपाचच्या सुमारास मगरिब! आणि पहाटे पाचला लख्ख उजेड. त्यामुळे दिवस सकाळी लवकर सुरू केला तरच गाडीचे पैसे वसूल होतात.

सेल्युलर जेल पाहिलं. १९०६ साली बांधून पूर्ण झालेल्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. मुलं त्या कोठड्यांसमोर गप्प उभी राहिली. साउथ पॉइंट भागात मौलाना फज़ले हक खैराबादी यांची मजार आहे. मिर्झा ग़ालिबचे हे मित्र १८५७ च्या उठावापायी काळ्या पाण्यावर आले आणि १८६१ साली तिथेच वारले. उर्दूच्या तासाला त्यांचं नाव कितीदा घेतलं असेल, पण मजारीपुढे आवाज फुटेना. अम्मांनी फातिहा पढली. वंडूरच्या वाटेवर रिक्षावाल्याने गावांची नावं सांगितली. मंजेरी, कालिकत. १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर इंग्रजांनी इथे आणून टाकलेल्या मोपला कुटुंबांनी आपल्या गावांची नावं सोबत आणली. या ऐकण्याला तिकीट नव्हतं.

स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, सरकारी बोटीने गेलो. अम्मा डेकवर बसून सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटत होत्या. उलट्या झाल्या त्या आम्हा दोघांना! राधानगर किनाऱ्यावर लेकीने त्यांचा हात धरला. साडी घोट्यापर्यंत उचलून त्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली, गेली, पायाखालची वाळू सरकली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या अब्बांनी हे बघायला हवं होतं.” आम्ही त्यांना नको म्हणून घरी ठेवणार होतो ती हीच जागा.

परतीच्या दिवशी वारा सुटला आणि बोट रद्द झाली. एक रात्र बेटावरच काढावी लागली. दोन खोल्या, जेवण आणि दुसऱ्या दिवशीची खासगी बोट मिळून अकरा हजार गेले, पण पुढची रात्र हाताशी होती म्हणून विमान चुकलं नाही. ‘अडचण’ रकाना नसता तर कुणापुढे तरी हात पसरावा लागला असता. घरी आलो तेव्हा तीन हजार शिल्लक होते, आणि कुणाचं देणं नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह.

सहलीचं बजेट कसं करावं, असं आता शाळेतले सहकारी विचारतात. आम्ही सांगतो, आकडे नंतर लिहा. आधी घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, आणि कुणाचं नाव गाळायचं असेल तर त्याला विचारून गाळा. पैसे कमी पडले तर तारीख पुढे न्या. आमचं साडेचार महिन्यांत काही बिघडलं नाही.

गेल्या महिन्यात लेकीने वहीत आणखी एक पान काढलं. वर लिहिलं, ‘उमरा’. खाली पाच नावं लिहिली, पहिलं दादीचं. आकड्यांचा रकाना अजून कोराच आहे. भिशी सुरू झाली आहे.