मायचे गाडगे

शिल्पकार म्हटले की छिन्नी, दगड आणि चबुतऱ्यावरचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. मूळच्या नागपूरच्या श्वेता भट्टड यांनी बडोद्याला शिल्पकला शिकून निराळीच वाट धरली. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पारडसिंगा गावी ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’मध्ये शेतकरी, बाया आणि कलावंत एकत्र काम करतात. शेतात पीक पेरून चित्र उगवतात. देशी कापसाचे सूत हाताने कातून त्यात बी गुंफतात आणि राख्या करतात. सण झाला की राखी मातीत!

हे वाचून मला आमचे जालना आठवले नसते तरच नवल. येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, तीही महिकोच्याच वाणांना प्रथम. संकरित कापसाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे उतरत नाही. म्हणून दर मृगाला नवे पाकीट. त्याच कापसाच्या पैशातून माझी फी भरली जाते, हे मी कसे विसरू? पण घरचे बी राखणारे मायचे गाडगे वर्षागणिक हलके होत चालले आहे.

गेल्या श्रावणात वसतिगृहातल्या आम्ही सात जणींनी अशा राख्या करायचे ठरवले. बाजाराच्या दिवशी माय आली, ती दोडका, भोपळा आणि वालाचे राख लावलेले बी घेऊनच. परसातल्या देवकापसाच्या वाती वळणारे तिचे हात. सूत तिनेच वळून दाखवले. वालाचा दाणा दाताखाली धरून म्हणाली, “कट्कन वाजला तरच बी वाळलं समजायचं, बाई.” पदवीच्या वर्गात बसणाऱ्या आम्ही सात जणी तिच्याभोवती मांडी घालून बसलो होतो.

चित्रकाराने रंग वाटावेत आणि इतरांनी रेघोट्या ओढाव्यात, यालाही लोकसहभाग म्हणतात. पण जेथे कलावंतालाच बायांकडून शिकावे लागते, तेथे कलेचा मान खरोखर वाटला जातो, असे मला वाटते.

मायला अक्षर येत नाही. तिची विद्या तिच्याबरोबरच संपू नये, म्हणून यंदा अभ्यासाच्या वह्यांत मी एक वेगळी वही ठेवली आहे. त्यात पहिली नोंद वालाची आहे.