आज्जाचं सुतारमेट

बेळगाव तालुक्यातलं आमचं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडणार. काकांनी स्लॅबचं ठरवलंय. माझी ना नाही. मागची भिंत दोन पावसाळे झाले, फुगलीय.

पण सोप्याला लागूनच आज्जाचं सुतारमेट आहे. आसपासच्या गावांतल्या बैलगाड्यांची चाकं इथं व्हायची. बाभळीचा तुंबा, त्यात किकऱ्यानं भोकं पाडून आरे, वरून पाटे. मग लोहारमामा यायचे. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहानच ठेवायची. अंगणात शेणीच्या जाळात लाल झाली की ती वाढायची. चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली की आज्जा ओरडायचा, "पाणी, पाणी!" आम्ही पोरं घागरी ओतायचो. धाव आकसायची अन् सगळे सांधे कडकड आवळायचे.

टायरच्या गाड्या आल्या, मेट बंद पडलं. तरी आज्जा रोज तिथं बसायचा. कोणी विचारलं, "काय करूलालास?" तर म्हणायचा, "धार लावूलालो."

ते किकरं मी मागून घेतलंय. काका म्हणाले, "घेऊन काय करणार?" मला उत्तर सुचलं नाही. धार अजून तशीच आहे.

तुमच्या गावात असं मेट राहिलंय का? फोटो असेल तर नक्की टाका.